ठळक आणि गोल टोकांचे देवनागरी अक्षर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेतून फेरी मारली, तर अलीकडच्या बऱ्याच पाट्यांवरील अक्षरे जाड आहेत आणि त्यांची टोके सरळ कापलेली नसून गोलावलेली आहेत, हे सहज लक्षात येते. कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, मिठाईचे दुकान, मुलांचा दवाखाना, मोबाइल दुरुस्ती, शिकवणी वर्ग अशा अनेक ठिकाणी हे वळण आता रुळले आहे. ते दुरून वाचता येते, आणि कठोर न वाटता नजरेत भरते. मात्र त्याचा वापर ज्या वेगाने वाढला, त्या वेगाने त्याची समज वाढलेली नाही. डीटीपीच्या दुकानात नुकतेच काम सुरू केलेले तरुण, उपयोजित कलेचे विद्यार्थी आणि स्वतःचा फॉन्ट तयार करण्याची इच्छा असलेले हौशी अभ्यासक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. गोल टोके ही या अक्षराची सर्वांत सोपी बाजू आहे. त्याचा खरा कस अक्षराच्या आतल्या पोकळ्या मोकळ्या राखण्यात आणि शिरोरेषेचे सांधे बिनचूक जुळवण्यात लागतो, आणि पुढील बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

पहिली पायरी : अक्षर ओळखणे

बोरूने लिहिलेल्या पारंपरिक देवनागरीत रेषेची जाडी बोरूच्या तिरप्या कापामुळे सतत बदलते; एका दिशेने जाणारी रेषा जाड उमटते, तर दुसऱ्या दिशेने जाणारी बारीक. आपण ज्या अक्षराचा विचार करत आहोत, त्यात हा चढउतार जवळजवळ नाहीसा केलेला असतो. जाड स्केचपेनने किंवा खडूने न दाबता लिहिले, तर सगळीकडे सारखी जाडी येते आणि रेषेचे टोक साधनाच्या गोल आकाराप्रमाणे गोल उमटते. या वळणाचे मूळ तेथे आहे. नवोदितांनी दोन गोष्टींत गल्लत करू नये. काही फॉन्टमध्ये अक्षरांची वळणे वर्तुळाकार असतात, पण टोके सपाट कापलेली असतात. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हा त्याचा परिचित नमुना आहे. त्याला भूमितीय वळण म्हणावे, गोल टोकांचे नव्हे.

रोमन लिपीत या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना व्हॅग राउंडेड हा आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने आपल्या विक्री-जाळ्याला एकसारखी ओळख मिळावी म्हणून १९७९ मध्ये तो तयार करून घेतला, आणि पुढे ॲपलच्या कीबोर्डवरील कळांवर तो अनेक वर्षे दिसत राहिला. एका मोटारनिर्मात्याला आपल्या दालनांवर असे मऊ अक्षर हवेसे वाटावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. असे अक्षर केवळ लहान मुलांच्या वस्तूंसाठी असते, हा आपल्याकडचा समज त्यामुळे सैल होतो.

दुसरी पायरी : तयार फॉन्टपासून सुरुवात

स्वतः रेखाटण्यापूर्वी चांगला तयार फॉन्ट काही महिने वापरून पाहावा. देवनागरीसाठी मी नवोदितांना बलू हा फॉन्ट सुचवतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तो तयार केला असून गूगल फॉन्ट्सवर तो विनामूल्य मिळतो. सुरुवातीला तो एकाच जाडीत होता. बलू २ या सुधारित आवृत्तीत ४०० पासून ८०० पर्यंत पाच जाड्या आहेत, आणि त्यामुळे मथळ्यासाठी ८००, उपमथळ्यासाठी ६०० आणि दोन-चार ओळींच्या मजकुरासाठी ४०० अशी विभागणी एकाच कुटुंबात करता येते. याच संस्थेचा मोदक हा याहून कितीतरी फुगीर आहे. त्यातील पोकळ्या रेघेएवढ्या अरुंद केल्या आहेत आणि तोच त्याचा स्वभाव असल्यामुळे तो एक-दोन शब्दांच्या मोठ्या मथळ्यालाच शोभतो. लांब मजकुरासाठी त्याच संस्थेचा मुक्त जोडीला घ्यावा. त्याची टोके गोल नाहीत, पण रचना मोकळी असल्यामुळे तो बलूच्या शेजारी खटकत नाही.

बलूची आणखी एक बाजू मराठवाड्यासाठी विशेष उपयोगाची आहे. या कुटुंबात वेगवेगळ्या भारतीय लिप्यांसाठी भावंडे आहेत : कन्नडसाठी बलू तम्मा, तेलुगूसाठी बलू तम्मुडू, उर्दूसाठी बलू भाईजान. देगलूर किंवा बिलोलीच्या दुकानदाराला तेलंगणातून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तेलुगू ओळ हवी असते, उदगीरकडे कन्नड ओळ लागते, आणि परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे उर्दू ओळ पूर्वापार चालत आली आहे. एरवी अशा पाटीवर प्रत्येक लिपी वेगळ्याच वळणाची दिसते. येथे जाडी आणि टोके एकमेकांशी मिळतीजुळती मिळतात. उर्दू वाचकाची नजर मात्र नस्तालिक या तिरप्या, उतरत्या वळणाला सरावलेली असते, म्हणून उर्दू ओळ अंतिम करण्यापूर्वी ती एखाद्या उर्दू वाचणाऱ्याला दाखवून घ्यावी.

या फॉन्टना ओपन फॉन्ट लायसन्स लागू आहे. त्यानुसार व्यावसायिक कामात वापर, बदल आणि पुनर्वितरण यांना परवानगी असते. केवळ फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही, आणि ज्या फॉन्टचे नाव राखून ठेवलेले असेल त्यात बदल करून तो त्याच नावाने प्रसिद्ध करता येत नाही. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या फॉन्टच्या संग्रहात बहुधा कोणाच्या तरी कष्टाची परवानगीविना केलेली नक्कल असते. नव्याने या व्यवसायात येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून त्यापासून दूर राहावे, असे मला मनापासून वाटते.

तिसरी पायरी : सांगाडा रेखाटणे

फॉन्ट तयार करायचा नसला, तरी प्रत्येकाने दहा-बारा अक्षरे स्वतः रेखाटून पाहावीत, कारण तयार फॉन्टमधील निर्णय त्याशिवाय डोळ्यांना दिसत नाहीत. आलेखाच्या कागदावर आधी फक्त मधली रेघ, म्हणजे सांगाडा काढावा आणि नंतर तिच्या दोन्ही बाजूंनी सारखी जाडी चढवावी. संगणकावर इंकस्केप किंवा फॉन्टफोर्ज या विनामूल्य साधनांत रेषेला जाडी देऊन टोके गोल करण्याची सोय असते. नंतर त्या रेषेचे बाह्याकारात रूपांतर करता येते.

अक्षरांचा क्रम वर्णमालेप्रमाणे धरू नये. ग, न, प, त, म, व अशी शेवटी काना असलेली अक्षरे आधी घ्यावीत, कारण देवनागरीतील सर्वांत मोठा गट तोच आहे आणि कान्याची जाडी तेथेच ठरते. मग क आणि फ ही मध्ये दंड असलेली अक्षरे, आणि शेवटी ट, ठ, ड, द, र, ह, ळ, छ ही पूर्ण काना नसलेली अक्षरे रेखाटावीत. हजार एककांच्या (फॉन्ट मोजण्याच्या सूक्ष्म भागांच्या) चौकटीत तळरेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत ६००, कान्याची जाडी १३० आणि शिरोरेषेची १०० ही मापे सरावासाठी चांगली आहेत. शिरोरेषा कान्याइतकीच जाड ठेवली, तर शब्दावर तुळई ठेवल्यासारखे दिसते, कारण आडवी रेषा डोळ्याला उभ्या रेषेपेक्षा जाड भासते आणि ती तर संपूर्ण शब्दभर पसरलेली असते.

एवढे झाल्यावर डोळ्याने दुरुस्त्या कराव्यात. गोल टोकाचा काना सपाट टोकाच्या कान्याइतकाच लांब ठेवला, तर तो आखूड भासतो, म्हणून तो तळरेषेच्या किंचित खाली उतरवावा. अचूक अर्धवर्तुळाचे टोक मोठ्या आकारात थोडे टोकदार वाटते, तेव्हा ते मध्यभागी किंचित सपाट करावे. जेथे दोन जाड रेषा मिळतात, उदाहरणार्थ प च्या पोटाचा बाक कान्याला येऊन भिडतो तेथे, काळा डाग साठतो. अशा सांध्यापाशी येणारी रेषा थोडी निमुळती करावी. अनुस्वाराचे टिंब कान्याच्या जाडीइतक्याच व्यासाचे केले, तर ते लहान दिसते, म्हणून त्याचा व्यास थोडा वाढवावा.

चौथी पायरी : शिरोरेषेचे सांधे

रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे टोके गोल करून काम भागते. देवनागरीत शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात, आणि गोल टोकांचे वळण देवनागरीत आणणाऱ्यांसमोर पहिली अडचण तेथेच उभी राहते. समजा, शिरोरेषेची जाडी १०० एकके आहे, म्हणजे टोकाच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या ५० एकके झाली. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या रुंदीच्या सीमेवरच गोल होऊन संपली, तर दोन अक्षरांच्या सांध्यावर वर आणि खाली अशा दोन खाचा पडतात आणि ‘नगर’ हा तीन अक्षरांचा शब्ददेखील तुकडे डकवल्यासारखा दिसतो. शिरोरेषा सर्वत्र सपाट कापली, तर सांधे जुळतात, पण शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी टोकदार कोपरे राहतात. बाकीचे सगळे अक्षर गोल असताना ते डोळ्यांना टोचतात.

यावरचा उपाय साध्या भूमितीत आहे. शिरोरेषा अक्षराच्या सीमेपर्यंत पूर्ण जाडीची ठेवावी आणि गोल टोक सीमेच्या बाहेर, त्रिज्येइतके म्हणजे ५० एकके, पुढे काढावे. डाव्या बाजूलाही तसेच करावे. आता शेजारी दुसरे अक्षर आले, की त्याची पूर्ण जाडीची रेषा पहिल्याच्या गोल टोकाला झाकून टाकते आणि सांध्यावर खाच उरत नाही. शब्दाच्या दोन्ही टोकांना झाकणारे कोणी नसल्यामुळे तेथे गोलाई आपोआप दिसते. सुट्या कान्याच्या शिरोरेषेला आणि अर्ध्या अक्षरांच्या शिरोरेषेलाही हाच नियम लावावा. मात्र यामुळे दोन शब्दांमधली मोकळी जागा दोन्हीकडून ५०-५०, म्हणजे एकूण १०० एककांनी आकसते. तेवढी भर रिकाम्या जागेच्या रुंदीत घालावी लागते, नाहीतर ‘खते व बियाणे’ मधला एकटा ‘व’ शेजारच्या शब्दाला चिकटल्यासारखा वाचला जातो.

ज्यांना फॉन्ट तयार करायचा नाही, त्यांनीही ही रचना समजून घ्यावी, कारण पाटीच्या कामातील तीन नेहमीच्या तक्रारींचे मूळ तिच्यात आहे. पहिली तक्रार रेडियम कटिंगची. शब्द कर्व्ह केल्यावर, म्हणजे टंकलेल्या मजकुराचे बाह्याकारात रूपांतर केल्यावर, प्रत्येक अक्षराचा बाह्याकार वेगळा राहतो, शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि प्लॉटरचे, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्राचे, पाते प्रत्येक आकार इमानेइतबारे कापत जाते; परिणामी शिरोरेषेला जागोजागी छेदणाऱ्या चिरा पडून स्टिकरचे तुकडे हातात येतात. कापण्यापूर्वी संपूर्ण शब्द निवडून वेल्ड केला, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकत्र जोडले, की तो एकसंध आकार होतो. दुसरी तक्रार अक्षरांभोवती दिलेल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या कडेची : कर्व्ह करून वेल्ड न केलेल्या शब्दाला कड दिली, तर प्रत्येक सांध्यावर कडेची रेघ शिरोरेषेला छेदून जाते. उपाय तोच. तिसरी तक्रार अशी, की पाटीची रुंदी भरून काढण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवले जाते आणि शिरोरेषा तुटते. इंग्रजी ओळीला ही युक्ती चालते. मराठी ओळीला ती कधीही वापरू नये. जागा भरायची असेल, तर अक्षर मोठे करावे किंवा दोन्ही बाजूंना मोकळे सोडावे.

पाचवी पायरी : आतल्या पोकळ्या

जाडी वाढली, की काळा भाग दोन दिशांनी पसरू शकतो : बाहेर, म्हणजे अक्षर रुंद होते, किंवा आत, म्हणजे पोकळी बुजते. आपल्याकडील दुकानांत ठळक अक्षर मिळवण्यासाठी साध्या फॉन्टला त्याच रंगाची जाड कड देण्याची पद्धत आहे, आणि ती दोन्ही दिशांनी आंधळेपणाने वाढत असल्यामुळे पोकळ्या हमखास बुजवते. ठळक अक्षरासाठी ठळक म्हणूनच रेखाटलेली जाडी निवडावी. सरावासाठी मी एक मर्यादा सुचवतो : आतली कोणतीही पोकळी कान्याच्या जाडीच्या निम्म्याहून अरुंद होऊ देऊ नये.

काही जोड्या विशेष धोक्याच्या आहेत. ब आणि व यांच्यातला फरक केवळ पोटातल्या तिरप्या रेघेचा आहे, ष आणि प यांच्यातही तसेच; ही रेघ कान्याइतकी जाड ठेवली, तर पोट भरून जाते आणि ‘बाजार’ रस्त्यापलीकडून ‘वाजार’ वाचला जातो. या रेघेची जाडी ८० ते ९० एककांपर्यंत उतरवावी. भ आणि म, तसेच ध आणि घ या जोड्यांत भेद शिरोरेषेतील तुटीचा आहे. गोल टोकांमुळे त्या तुटीच्या दोन्ही कडा एकमेकींकडे फुगतात, आणि मोंढ्यातील आडत दुकानाच्या पाटीवरचे ‘धान्य’ लांबून ‘घान्य’ दिसू लागते. येथे तूट नेहमीपेक्षा रुंद ठेवणे आणि ध च्या माथ्याचा आकडा लहान करणे, हाच मार्ग आहे.

शिरोरेषेच्या वरचा मजला त्याहून अवघड आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द घ्यावा. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या फलकांवर तो पावलोपावली भेटतो. त्यात ‘र्थ्यां’ या एका जागी रफार आणि अनुस्वार शेजारी-शेजारी येतात. जाड फॉन्टमध्ये रफाराच्या आकड्याची पोकळी आणि टिंबाच्या भोवतीची फट एकाच वेळी बुजली, तर तेथे केवळ एक गोळा उरतो. चांगल्या फॉन्टमध्ये या जोडीसाठी वेगळे, थोडे बारीक आणि सरकवलेले रूप तयार केलेले असते. ‘केंद्र’ मधील मात्रा आणि अनुस्वार, ‘हार्दिक’ मधील रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हीही अशीच परीक्षेची ठिकाणे आहेत. तळमजल्यावर ‘कृषी’ मधला ऋकार आणि ‘राष्ट्रीय’ मधील ‘ष्ट्र’ तपासावा. या वरखालच्या मजल्यांमुळेच ठळक देवनागरीच्या दोन ओळींमध्ये जास्त अंतर लागते. इंग्रजी ओळींसाठी बसवलेले अंतर मराठीला तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

सहावी पायरी : मराठीची खास रूपे

काही सुंदर देवनागरी फॉन्ट हिंदी वाचकाला समोर ठेवून रेखाटलेले असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या लेखनाचे प्रमाणीकरण केले, आणि त्यात ल व श यांची मराठी वळणे निश्चित केली आहेत. काही फॉन्टमध्ये ही दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ती निवड आधी करावी. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द लिहून ऱ्य नीट उमटतो का ते पाहावे. त्याच्या जागी रफार आला, तर टंकलेखन तपासावे. ‘ॲग्रो एजन्सी’ हे शब्द आपल्या भागातील निम्म्या कृषी दुकानांच्या नावात असतात. फॉन्टमध्ये ॲ नसला, तर संगणक तेवढेच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो, आणि जाड गोल शब्दाच्या आरंभी एक किरकोळ परके अक्षर बसते.

डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा वापर आजही चालू आहे. त्यांतील मजकूर युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षर-सांकेतिक पद्धत) फॉन्टमध्ये थेट उघडत नाही, तो परिवर्तकातून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनातून, न्यावा लागतो आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठीची जोडाक्षरे फुटतात. अशा वेळी मजकूर इंकस्केपमध्ये बसवून, बाह्याकारात बदलून, मग कोरलमध्ये आणावा.

सातवी पायरी : पाटीवर उतरवणे

साधन बदलले, की अक्षराचे गुणदोष बदलतात. स्टिकरच्या कामात गोल टोके फार उपकारक ठरतात : पाते वळणावरून सलग फिरते, नको असलेले व्हिनाइल सोलताना कोपरे उचलले जात नाहीत, आणि उन्हापावसात टोकदार कोपऱ्यापासून सुरू होणारे निघणे लांबते. ॲक्रेलिक किंवा एसीपीची (ॲल्युमिनियमचे थर असलेल्या पत्र्याची) अक्षरे राउटर या कापणाऱ्या यंत्रावर कापताना फिरत्या पात्याच्या गोलाईमुळे आतले कोपरे असेही गोलच येतात. अक्षर मुळात गोल असेल, तर रेखाटन आणि प्रत्यक्ष वस्तू यांत तफावत राहत नाही. एलईडी बसवलेल्या अक्षरांना सारख्या जाडीचा फायदा मिळतो, कारण दिव्यांची पट्टी सर्वत्र सारख्या अंतराने बसते आणि प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी दिसत नाही. मात्र उजळलेले अक्षर काळोखात फुगल्यासारखे दिसते. म्हणून दिव्याच्या पाटीसाठी ८०० ऐवजी ७०० किंवा ६०० जाडी घ्यावी. बारदानावर किंवा विणलेल्या प्लॅस्टिकच्या कट्ट्यावर (पोत्यावर) छपाई करताना शाई पसरते, तेथेही एक पायरी बारीक जाडी निवडणे हिताचे ठरते.

आकाराबाबत पाट्या तयार करणाऱ्यांत एक ढोबळ हिशोब रूढ आहे : दर दहा फूट अंतरासाठी एक इंच उंची. हा हिशोब इंग्रजी मोठ्या अक्षरांवरून आलेला असल्यामुळे मराठीत ही उंची केवळ शिरोरेषा ते तळरेषा एवढीच मोजावी, वेलांट्या आणि उकार धरून नव्हे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार नामफलकावर देवनागरीतील मराठी मजकूर आवश्यक आहे, आणि अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा मराठी अक्षरे लहान असता कामा नयेत. बहुतेक फॉन्टमध्ये एकाच पॉइंट आकारात मराठी अक्षराचे शरीर इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा कमी उंचीचे येते. संगणकातील आकडा सारखा आहे म्हणून निर्धास्त न राहता छापलेल्या नमुन्यावर पट्टीने मोजावे.

लांब नावांचा प्रश्न आपल्याकडे नव्याने आला आहे. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाल्यानंतर पत्त्याच्या ओळी जवळपास दुपटीने लांबल्या आणि जुन्या मापाच्या फलकावर त्या बसवण्यासाठी अक्षरे आडवी दाबण्याची प्रथा पडली. आडवे दाबल्याने कान्याची जाडी घटते, पण शिरोरेषेची तशीच राहते, गोल टोके अंडाकृती होतात आणि ‘त्र’ मधली आधीच अरुंद असलेली पोकळी मिटते. त्यापेक्षा नाव दोन ओळींत घ्यावे, किंवा त्याच कुटुंबातील कमी जाडी निवडावी.

कोठे वापरू नये

भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक, न्यायालयीन किंवा कर्जवसुलीची सूचना, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकेतील तपशिलाचा भाग येथे हे वळण विसंगत वाटते. कीटकनाशकाच्या बाटलीवरील प्रमाण आणि विषबाधेची सूचना बारीक आकारात असते. तेथे ठळक गोल अक्षर वाचनीयतेला मारक ठरते आणि चुकीच्या वाचनाची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून तेथे मध्यम जाडीचे, मोकळ्या पोकळ्यांचे साधे अक्षरच घ्यावे. याउलट अंगणवाडीतील तक्ते, पहिलीच्या मुलांचे अक्षरपत्ते, लसीकरणाची भित्तिपत्रके, गावच्या जत्रेतील पाणपोईची पाटी येथे ते मनापासून वापरावे. मुलाला पाटीवर खडूने जे अक्षर गिरवायला सांगतो, त्याच्याशी सारख्या जाडीच्या या अक्षराचे नाते सर्वांत जवळचे आहे.

आठवी पायरी : काम सोपवण्यापूर्वी

पाटीवरील सर्वांत अवघड शब्द शोधावा; बहुधा तो मालकाचे आडनाव, गावाचे नाव किंवा ‘विद्यार्थ्यांसाठी’ सारखा लांब शब्द असतो. तेवढाच तुकडा प्रत्यक्ष आकारात साध्या कागदावर छापून दुकानाच्या भिंतीवर, पाटीच्याच उंचीवर चिकटवावा. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून तो भर दुपारच्या उन्हात एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा पाहावा. मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतल्यास अडखळण्याची जागा लगेच कळते, आणि ती जागा बहुतेक वेळा शिरोरेषेच्या वरच सापडते. नंतर फाइलच्या दोन प्रती कराव्यात : एक टंकलेला मजकूर कायम ठेवलेली, फॉन्टच्या नावासह जपून ठेवण्यासाठी, आणि दुसरी कर्व्ह व वेल्ड केलेली, छपाई किंवा कटिंगसाठी. दुकानदाराचा मोबाइल क्रमांक बदलला किंवा त्याने अंबडला दुसरी शाखा काढली, की पहिली प्रत उघडावी लागते. ती नसेल, तर पाटी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.